डाव्या सीटसमोरची काच

विमान पश्चिमेकडे वळलं, सूर्य समोर आला आणि बर्नाडेट तुस्कानोच्या डोळ्यांपुढची काच दुधासारखी पांढरी झाली.

आधी तिला वाटलं, धूर. फेब्रुवारीची उतरती दुपार होती, माळावरचं गवत वाळून कडक झालं होतं आणि वारा उत्तरेचा होता. अशा दिवशी धूर शोधायलाच ती आणि ट्रेव्हर वर आले होते. पण धूर असा डोळ्यांपुढे चिकटून राहत नाही. तिनं मान इकडेतिकडे हलवून बघितली. मग तिला त्या चिरा दिसल्या. केसाहून बारीक, असंख्य, एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यातली प्रत्येक चीर उन्हात पेटलेली.

"बर्नी! डावीकडून! खाली घे, खाली!" उजव्या सीटवरून ट्रेव्हर ओरडला.

तिला काही दिसलं नव्हतं. तिनं फक्त ऐकलं आणि विमान खाली ढकललं. आगीवर पाणी टाकणारं पिवळं विमान त्यांच्या वरून निघून गेलं, इतकं जवळून की त्याच्या पोटावरचे काजळीचे डाग बाजूच्या खिडकीतून मोजता आले असते.

मग बर्नाडेटनं रेडिओवर अग्निशमनवाल्यांना सांगितलं की डॉबिन्स क्रीकचं विमान परत जातंय, आज आमच्या भरवशावर राहू नका.

"कारण?" पलीकडून विचारलं.

"मला समोरचं दिसत नाही."

हे वाक्य तिनं आजवर कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारताना ती लाजली नाही, संतापली.

डॉबिन्स क्रीक म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेला माळावरची एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि एक विमान. ते चालवणारे सगळे हौशी. कुणी निवृत्त, कुणी नोकरी सांभाळून येणारे. पगार कुणालाच नाही. उन्हाळ्यात ते वणव्यांचा धूर शोधतात, पूर आला तर अडकलेल्या वस्त्यांना औषधं नेऊन देतात, आणि दर शनिवारी शाळकरी मुलामुलींना विमान चालवायला शिकवतात. बर्नाडेट मूळची वसईची. आधी वसईत आणि मग मेलबर्नला तिनं गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि केस पिकल्यावर विमान शिकली. खरं सांगायचं तर आकाशापेक्षा तिला शनिवार जास्त आवडत असे. एखाद्या मुलाला वाऱ्याचा कोन पहिल्यांदा कळतो तेव्हा त्याच्या भुवया वर जातात, ते बघायला ती तासभर गाडी चालवून यायची.

आज शुक्रवार होता, तरी एक मुलगी खाली वाट बघत उभी होती. मिताली, टार्निटची, सोळा वर्षांची. दुपारी बातमी आली होती की रात्री बारापासून पुन्हा लॉकडाऊन. म्हणजे शनिवारचा इथला वर्ग रद्द. तेव्हा ट्रेव्हरनंच फोन करून सांगितलं होतं, "संध्याकाळी वारा पडेल. आमची फेरी झाली की तू एकटी वर जा. पुन्हा कधी उघडतील कोण जाणे." एकटीनं पहिलं उड्डाण. गेलं बरंचसं वर्ष मितालीनं बेडरूममध्ये बसून स्क्रीनवर ढगांचे प्रकार पाठ करण्यात काढलं होतं. आजचा दिवस तिच्यासाठी काय होता, हे बर्नाडेटला कुणी सांगायला नको होतं.

विमान उतरून थांबलं. ट्रेव्हर खाली उतरला आणि त्यानं प्रॉपेलरला लाल पट्टी बांधली. त्या पट्टीचा अर्थ एकच: हे विमान उडणार नाही.

मिताली पळत आली होती. पट्टी बघून जागच्या जागी थांबली.

"व्हॉट हॅपन्ड?"

"इकडे ये," बर्नाडेट म्हणाली. "सूर्याकडे तोंड करून या काचेतून बघ."

मितालीनं बघितलं. मास्कच्या वर तिचे डोळे मोठे झाले.

"कशानं झालं असेल हे?" बर्नाडेटनं विचारलं.

"अल्कोहोल?" ती हळूच म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. लोक तिला काच म्हणतात, पण ती काच नसते, एक प्रकारचं प्लास्टिक असतं. साबणाचं पाणी तिला चालतं. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल लागलं की ती आतून तडकत जाते. लगेच नाही. उन्हात तापत, थंड होत, हळूहळू. कोविड आल्यापासून प्रत्येक फेरीनंतर विमान आतून पुसायचं असा नियम झाला, तेव्हा बर्नाडेटनं मुलांना पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. बादली, साबण, मऊ फडकं. आणि पुसायचं ते वरून खाली, गोल गोल नाही.

ट्रेव्हर जवळ आला. तो या गटाचा अध्यक्ष. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, हसरा माणूस. आता हसत नव्हता.

"मिताली, या उन्हाळ्यात पुसायचं काम तुझं आणि वर्गातल्या जेरोमचं. मला विचारावं लागेल, मेट. साबणाशिवाय काही वापरलंस?"

"नो."

"नक्की?"

"नक्की. बर्नाडेटनं मला मारून टाकलं असतं."

कुणी हसलं नाही.

"हे एका दिवसाचं काम नाही," ट्रेव्हर म्हणाला. "कुणीतरी आठवडेच्या आठवडे हे करतंय आणि गप्प बसलंय. आपला नियम तुला माहीत आहे."

तिला माहीत होता. इथल्या प्रत्येकाला माहीत होता. चूक केलीत आणि त्याच दिवशी सांगितलीत, तर शिक्षा नाही. लपवलीत, तर उद्यापासून येऊ नका. मागे एका मुलानं विमानाचं दार वाकवलं आणि रडत रडत सांगितलं. पुढच्या शनिवारी तो उडाला. आणि ट्रेव्हरच्या लहानपणापासूनच्या मित्रानं चाकं जोरात आपटून विमान उतरवलं, कुणाला बोलला नाही. त्याला परत इथे कुणी बघितलं नाही.

"ज्यानं केलं तो बाहेर," ट्रेव्हर म्हणाला. "मूल असो नाहीतर मोठा."

"काय चाललंय?"

शेडकडून शैलेंद्र आले. मितालीचे वडील. पालकांना धावपट्टीजवळ यायचं तर भडक पिवळं जाकीट घालावं लागतं, ते त्यांनी शर्टावर चढवलं होतं, आणि तोंडावर एकावर एक असे दोन मास्क होते. पुण्याचे, आयटीतले. नोव्हेंबरातल्या पालकसभेपासून त्यांचं आणि बर्नाडेटचं पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणजे दर शनिवारी काहीतरी ठिणगी उडायचीच.

"मॅडम, पोरगी शाळेतून तडक इथे आली. दुपारपासून उन्हात उभी आहे. आज सोलो म्हणालात ना?"

"आज कुणीच उडणार नाही, शैलेंद्र."

"का? आता काय नवीन काढलंत?"

"काच गेली."

शैलेंद्रनी दुरूनच नजर टाकली. "जुनाट विमान. खराब होणारच. मी पहिल्यापासून म्हणतोय."

"तुम्ही पुष्कळ काही म्हणत असता."

"आणि तुम्ही काही ऐकून घेत नसता."

ट्रेव्हरनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. पूर्वी ही दोघं मराठीत सुरू झाली की तो विचारायचा, "पुन्हा रेसिपी का?" आताशा विचारत नसे.

"सॅनिटायझर लागलंय काचेला," बर्नाडेट म्हणाली. "कुणीतरी दर आठवड्याला लावत होतं."

शैलेंद्रनी जाकिटाची चेन वर ओढली. मग म्हणाले, "सॅनिटायझरनं काच तडकते? काहीही सांगता." पण आवाज खाली आला होता.

"ही काच तडकते."

"मग? माझ्या मुलीनं केलं म्हणता?"

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही."

"तो म्हणतोय ना!" त्यांनी ट्रेव्हरकडे हात केला. "समोर सापडली तिला धरा. त्या जेरोमला विचारलंत का? नाही. कसं विचाराल? तुमच्याच चर्चमधला तो. तुमच्यातला."

"तुमच्यातला" हा शब्द बर्नाडेट पुण्याच्या लोकांकडून आयुष्यभर ऐकत आली होती. तिनं तो नेहमीसारखा कानाआड केला नाही.

"माझ्यातली इथे दहा मुलं आहेत. तुमची मुलगी धरून. पुन्हा असं बोलाल तर गेटबाहेर उभं राहून बोलायचं."

"धमकी देताय?"

"जागा दाखवतेय."

"बाबा, स्टॉप," मिताली म्हणाली.

"तू गप्प बस." शैलेंद्र ट्रेव्हरकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "जेरोमला विचारा. तो निष्काळजी आहे. मी बघितलंय त्याला फडकं भिरकावताना."

ट्रेव्हरनं फोन काढला. "मी त्याच्या आईला फोन लावतो. कॅरेनला."

मिताली बापाकडे बघत होती. बर्नाडेटच्या हे लक्षात आलं, कारण मुलीवर आळ आला होता तेव्हा ती ट्रेव्हरकडे थेट बघून बोलली होती. आता तिची नजर बापावरून हलत नव्हती, आणि बाप जमिनीकडे बघत होता. फोनची रिंग सगळ्यांना ऐकू येत होती.

"डोन्ट," मिताली म्हणाली. "जेरोम नाही. इट वॉज मी."

ट्रेव्हरनं फोन बंद केला. त्याच्या खांद्यातला जोर गेल्यासारखा झाला. "ओह, मेट."

बर्नाडेटनं विमानाचं दार उघडलं. "ये. दाखव मला कसं पुसलंस."

"सॅनिटायझरनं. पेपर टॉवेलनं."

"हात कसा फिरवलास?"

मितालीनं हवेत हात फिरवला. वरून खाली. तो हात शिकलेला होता, त्याला खोटं बोलता आलं नाही.

"इथे गोल ओरखडे आहेत," बर्नाडेट म्हणाली. "आणि हे बघ. उजवीकडची अर्धी काच स्वच्छ आहे. एक चीर नाही. तिथे मी बसते तुला शिकवताना. माझी बाजू का नाही पुसलीस?"

"आय रॅन आऊट."

"दर आठवड्याला?"

मितालीनं ओठ दाबून धरले असावेत, मास्क आत ओढला गेला.

बर्नाडेट मागे वळली. तिनं आवाज चढवला नाही. वर्गात मागच्या बाकावर गोंधळ झाला की ती अशीच हळू बोलायची आणि मुलं जास्त घाबरायची.

"शैलेंद्र, शनिवारी आम्ही शेडमध्ये शिकवत असतो तेव्हा विमानापाशी कोण असतं?"

"मी फोटो काढतो. तुम्हाला माहितीये."

"फोटो."

"हो, फोटो! काय म्हणायचंय ते सरळ म्हणा!"

"सरळ म्हणते. साफ करणारा माणूस दोन्ही बाजू साफ करतो. इथे फक्त एक सीट पुसली आहे. ज्यानं पुसली त्याला बाकी कुणाचं काही पडलेलं नव्हतं. आणि आता ही पोर तुमच्यासाठी खोटं बोलून स्वतःला इथून घालवून घेतेय, आणि तुम्ही उभे राहून बघताय."

"तुम्ही मला..." शैलेंद्रनी बोट उगारलं. बोट तसंच हवेत राहिलं. मितालीनं तोंड फिरवलं होतं.

"हो!" ते ओरडले. "पुसलं! मीच पुसलं, दर शनिवारी! काय करणार होतो? एकामागून एक माणसं त्या डबड्यात बसणार, तोंडाला तोंड लावून, आणि तुम्ही काय करणार? बादली आणि फडकं! साबणाचं पाणी! जग मरायला लागलंय आणि तुमचं आपलं धुणं-भांडी. मी सभेत विचारलं तर तुम्ही सगळ्यांदेखत मला खाली बसवलंत. शाळेतल्या पोरासारखं."

"बसवलं. कारण उत्तर दिलं होतं आणि तुम्ही ऐकत नव्हता. साबणानं विषाणू मरतो आणि काच वाचते, दोन्ही सांगितलं होतं. तुम्ही घरी जाऊन मला लांबलचक ईमेल पाठवलात."

"तुमचं का ऐकावं मी? कोण तुम्ही? शाळामास्तरीण!"

"हो."

"माझा शिरीषदादा गेला सप्टेंबरात. पुण्यात. बेड मिळाला नाही. इथून विमानं बंद. मी किचनमध्ये उभं राहून फोनवर बघितलं सगळं. तुम्हाला काय कळणार?"

वाऱ्यानं शेडचा पत्रा वाजला. बर्नाडेटच्या ओठांवर सहानुभूतीचा एक शब्द आला होता, तो तिनं म्हटला, पण त्याच्यावर ती थांबली नाही.

"वाईट झालं. फार वाईट. पण आज एक विमान माझ्या डावीकडून आलं आणि ते मला दिसलं नाही. ट्रेव्हर ओरडला म्हणून मी इथे उभी राहून तुमच्या शिव्या ऐकतेय. आता नीट ऐका. आजची फेरी झाली नसती, तर त्याच सीटवर, त्याच काचेमागे, याच उन्हात तुमची मुलगी बसली असती. एकटी. शेजारी ओरडायला कुणी नसतं. सोलो म्हणजे तेच."

शैलेंद्रनी काचेकडे बघितलं. या वेळी जवळ जाऊन. वाकले, डोळे बारीक केले, सूर्याकडे तोंड केलं. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी बर्नाडेटकडे बघायचं टाळलं.

"हे मला माहीत नव्हतं."

"ट्रेव्हरला सांगा. इंग्लिशमध्ये."

"तुम्ही सांगा ना. तुम्हाला हौस आहे."

"मी नाही. तुम्ही."

शैलेंद्रनी सांगितलं. ऑफिसात सर्व्हर बंद पडल्याचं सांगावं तशा कोरड्या, तुटक इंग्रजीत. मी केलं, नोव्हेंबरपासून दर शनिवारी केलं, माझ्या मुलीनं नाही, जेरोमनं नाही. भावाचंही सांगितलं, एका वाक्यात.

"तुझ्या भावाचं ऐकून वाईट वाटलं, मेट. मनापासून," ट्रेव्हर म्हणाला. "आता जाकीट दे."

"व्हॉट?"

"जाकीट. यापुढे तू कुंपणाच्या आत यायचं नाहीस."

"मी कबूल केलं ना! तुमचा तो नियम..."

"नियम त्याच दिवसाचा आहे. तू नोव्हेंबरपासून पुसतोयस. आणि आत्ता, कळल्यावर, दुसऱ्याच्या पोराचं नाव घेतलंस." ट्रेव्हरनं हात पुढे केला. "कम ऑन."

शैलेंद्रनी जाकीट काढलं. चेन अडकली. ओढाताण करून ती सुटली तेव्हा त्यांचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला होता. जाकीट त्यांनी ट्रेव्हरच्या हातात दिलं नाही, पंखावर टाकलं.

"मिताली, चल."

"थांब," बर्नाडेट म्हणाली.

मितालीला वाटलं होतं, आपलं संपलं. तसं तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

"तू ट्रेव्हरला खोटं सांगितलंस. मलाही."

"अहो, आता सोडा ना तिला!" शैलेंद्र किंचाळलेच. "मिळाला ना तुम्हाला तुमचा चोर? आता पोरीच्या मागे काय लागलाय?"

"मी तुमच्याशी बोलत नाहीये." ती मितालीच्या समोर जाऊन उभी राहिली, कोविडचं तेवढं अंतर ठेवून. "वर असताना मी तुला विचारते, पेट्रोल किती, आणि तू सांगतेस. मी वळून बघत नाही. का बघत नाही?"

"बिकॉज यू ट्रस्ट मी."

"बाबांना वाचवायला खोटं, जेरोमला वाचवायला खोटं, चांगल्या मनानं खोटं. मला त्यातला फरक वर असताना कळणार नाही. मला तेव्हा फक्त आकडा हवा असतो."

मितालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं ते पुसलं नाही. हात तोंडाजवळ न्यायचा नाही ही सवय वर्षभरात सगळ्यांच्याच हाताला लागली होती.

"आय लाइड," ती ट्रेव्हरकडे वळून म्हणाली. "तुम्हाला दोघांना. मला बाबांवर संशय आला आणि मी खोटं बोलले. आय एम टेलिंग यू नाऊ."

ट्रेव्हरनं बर्नाडेटकडे बघितलं. "अजून शुक्रवारच आहे," तो म्हणाला.

"हो," बर्नाडेट म्हणाली. "अजून शुक्रवारच आहे." आणि मितालीला म्हणाली, "राहशील तू. पण मी काही दिवस तुझा प्रत्येक आकडा वळून बघणार आहे. ते तुला आवडणार नाही."

"ओके."

"कसलं ओके?" शैलेंद्रनी गेटकडे जाता जाता मागे वळून विचारलं. "राहशील म्हणे! कोण ठरवणार? सोळा वर्षांची आहे ती. माझ्या सहीशिवाय इथे पाऊल टाकू शकत नाही, ना? मी सही काढून घेतो. संपलं. मला चोर ठरवून माझ्या मुलीवर उपकार करू नका."

"बाबा!"

"गाडीत बस."

सगळे बर्नाडेटकडे बघत होते. तिनं दोन शब्द गोड बोलावेत, निदान हात जोडावेत, असं ट्रेव्हरच्या डोळ्यांत दिसत होतं. मितालीच्याही.

"तुमची मुलगी," बर्नाडेट म्हणाली. "तुमचा हक्क. मी विनवणी करणार नाही."

शैलेंद्र गेटबाहेर गेले. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

विमान मोकळं सोडून जाता येत नाही. उद्यापासून कुणी इथे येणार नव्हतं आणि माळावरचा वारा रिकामं विमान सहज उलटं करतो. म्हणून ते जमिनीतल्या कड्यांना दोरांनी बांधायचं, चाकांना ठोकळे लावायचे, वर आच्छादन ओढायचं. हे काम नेहमी मुलांचं असतं. मिताली गाडीकडे गेली नाही. तिनं शेडमधून दोर आणले आणि डाव्या पंखाखाली उकिडवी बसली.

ट्रेव्हर अग्निशमनवाल्यांना फोनवर सांगत होता की आमचं विमान या मोसमात परत येईलसं दिसत नाही, शेजारच्या गटाला विचारा. "नो, नो, आम्हालाच वाईट वाटतंय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

हॉर्न वाजला.

मितालीनं गाठ मारली, ओढून बघितली, सोडली, पुन्हा मारली.

"ढिली होती?" बर्नाडेटनं विचारलं.

"हो."

पुन्हा हॉर्न. लांबलचक, हात न उचलता दाबून धरलेला. शेपटीखालचा दोर बर्नाडेटनं पकडला, मितालीनं बांधला. बर्नाडेटला ठाऊक होतं की या घटकेला ही मुलगी आपल्यावरही रागावलेली आहे, आणि त्यात तिला गैर काही दिसलं नाही.

गाडीचं दार उघडलं. शैलेंद्र तरातरा कुंपणापर्यंत आले. गेट उघडंच होतं. त्यांचा एक पाय आत पडणार होता, आणि तिथे ते थांबले. जाकीट पंखावर पडलं होतं. ते तारेला धरून उभे राहिले.

"ऐकू येत नाही का?"

"ठोकळे राहिलेत," मिताली म्हणाली.

त्यांना थांबावं लागलं. त्यांची मुलगी पालथी पडून चाकामागे ठोकळा सरकवत होती, उठत होती, दुसऱ्या बाजूला जात होती. पंखाखालून जाताना न बघता बरोबर तेवढीच वाकत होती. ती इथे काय काय शिकली हे त्यांनी शनिवारी कधी बघितलं नसावं. शनिवारी ते दुसऱ्याच कामात असत. त्यांनी एकदा तारेवरचा हात काढला, खिशातल्या फोनकडे नेला, पुन्हा तारेवर ठेवला.

काचेवर आच्छादन ओढून झालं तेव्हा मिताली हात झटकत गेटपाशी गेली. ती आत, ते बाहेर.

"चल," ते म्हणाले.

"उद्या लॉकडाऊनमुळे ऑनलाइन क्लास आहे. दहा वाजता."

"मी काय म्हणालो ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. उद्या हवामान आहे. बर्नाडेट घेते."

"उद्या माझं ऑफिसचं रिलीज आहे. दहालाच कॉल आहे. दोघांचे व्हिडिओ चालले की आपल्याकडचं नेट बंद पडतं, तुला माहितीये."

मितालीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मघापासून पहिल्यांदाच.

"मग तुम्ही व्हिडिओ बंद ठेवा," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "नुसतं फोनवरून बोला."

शैलेंद्रनी कुंपणावरून बर्नाडेटकडे बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती, मैत्री तर नव्हतीच. हे उत्तरही तुम्हीच शिकवलंत, असं काहीतरी त्यात होतं. बर्नाडेटनं नजर खाली घेतली नाही.

मग ते वळले आणि गाडीकडे चालू लागले. मिताली त्यांच्या मागून गेली, मधे बरंच अंतर ठेवून. तिनं मागचं दार उघडलं आणि मागेच बसली. गाडी सुरू झाली. बर्नाडेटनं आतून गेट ओढलं, कडी घातली आणि उद्याच्या तासाला ढगांपासून सुरुवात करावी की वाऱ्यापासून, याचा विचार करत शेडकडे निघाली.